पदर येऊ द्या

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत. कॉम्प्युटरवर पान उघडायला लागलं, की ते माऊसवरचा हात काढतात आणि दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसतात. जुन्या वळणाचा माणूस पंगतीत बसतो ना, तसे. वरण आलं, भाजी आली, लिंबाची फोड आली, तरी पत्रावळीला हात लावायचा नाही. शेवटचा वडा येऊन पडला, वाढपी पुढे सरकला, की मग पहिला घास. काकाजींचं, म्हणजे ह्या गृहस्थांचं, कॉम्प्युटरशी हे असं आहे. पान अर्धं आलंय, मथळा दिसतोय, बटण दिसतंय, लोक मागून ओरडताहेत, तरी काकाजींचे हात मांडीवर.

आता हा माणूस बँकेत असता तर मी काही बोलले नसते. पण काकाजी, म्हणजे प्रभाकर सोनकुसरे, हे बातम्यांच्या वेबसाईटचे संपादक आहेत. जिथं बाजूच्याच्या आधी दोन मिनिटं बातमी गेली म्हणून पेढे वाटतात, तिथं हा माणूस हातावर हात ठेवून बसतो. अशा माणसाला इथं ठेवलं कोणी, असं मी पहिल्याच दिवशी मनात म्हटलं होतं.

ठेवलं होतं विजूभाऊंनी. विजूभाऊंचं भंडाऱ्यात मोबाईलचं दुकान आहे आणि त्याच्या वरच्या माळ्यावर आमची वेबसाईट. खालून मोबाईल विकायचे आणि वरून त्या मोबाईलमध्ये बातम्या घालायच्या, असा त्यांचा साधा हिशेब. संपादक दोनच. काकाजी आणि मी. काकाजी साठीचे, मी चाळिशीची, आणि उतावळी. आई म्हणायची, अर्चनाला दूध तापेपर्यंत दम निघत नाही, कच्चंच पिते.

तर त्या पानाबद्दल सांगते, म्हणजे तुम्हाला आमचं दुःख कळेल. आमच्या साईटवर बातमी टाकायचं पान एकदम येत नाही. हप्त्या-हप्त्यानं येतं. आधी मथळ्याची चौकट, मग मजकुराची, मग फोटोंची रांग, मग बटणं. झालं म्हणून आपण बोट उचलावं, तेवढ्यात वरून कुठूनतरी जाहिरात येऊन बसते आणि सगळं पान वीतभर खाली सरकतं. आपलं बोट जिथं निघालं होतं तिथं आता भलतंच काहीतरी असतं. आणि बोट तर निघालेलं असतं. ते काही परत बोलावता येत नाही.

मी लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात बिबट्याची बातमी आली. शेताकडे बिबट्या फिरतोय, नागरिकांनी सावध राहावं, अंधार पडल्यावर एकट्यानं बाहेर पडू नये, अशी. मी घाईघाईनं फोटोंच्या रांगेतला बिबट्या दाबायला गेले आणि नेमकी जाहिरात येऊन बसली. बिबट्या खाली गेला आणि त्याच्या जागी एका सोसायटीचे नवनिर्वाचित अध्यक्ष आले. शाल, श्रीफळ, गळ्यात हार. मी न बघताच पुढचं बटण दाबलं. अर्ध्या भंडारा जिल्ह्यानं वाचलं की हे दिसल्यास आरडाओरडा करावा आणि वनविभागाला कळवावं.

अध्यक्षांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता शिव्या. पण ते रागावले नव्हते. म्हणाले, ताई, फोटो झकास आला, फक्त खाली नाव टाकायचं राहिलं तुमचं.

विजूभाऊ पोट धरून हसले. मीही नंतर हसले. काकाजी तेवढे हसले नाहीत. ते माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "पदर येऊ द्याचा होता वं पोरी."

हे त्यांचं पालुपद. पान पुरतं उघडलं, जाहिरातबिहिरात बसली, आता काही सरकायचं नाही, म्हणजे पदर आला. काकाजी मूळचे आंधळगावचे, विणकरांच्या घरातले. घरात माग होता. त्यांचे वडील एकदा का लुगड्याच्या पदराला लागले, की पदर पुरा होईपर्यंत मागावरून उठायचे नाहीत. भाकरी गार होवो, पाहुणा दारात ताटकळो. पोरांनी भूक भूक केली तरी आतून एकच आवाज यायचा, पदर येऊ दे. त्या घरात लहानाचा मोठा झालेला माणूस आमच्या नशिबी आला होता. घरच्या गोष्टी ते एवढ्याच सांगत. पुढं त्या मागाचं काय झालं, घरी आणखी कोण कोण होतं, असं विचारलं की त्यांना एकदम एखादं पान उघडायची आठवण व्हायची, आणि पान उघडत असताना ते बोलत नाहीत हे तर सगळ्यांनाच माहीत.

खोटं कशाला बोलू, त्यांची बातमी एकदाच जायची. माझी तीनदा जायची, त्यातली दोनदा चुकलेली. पण विजूभाऊंना त्याचं काय. त्यांना तिकडच्यांच्या आधी पाहिजे.

ही थांबायची खोड ऑफिसपुरती असती तरी चाललं असतं. एकदा आम्ही तुमसरकडं एका लग्नाला निघालो. फाट्यावर चालकानं गाडी नुसती हळू केली, तशी आम्ही सगळ्यांनी पटापट उड्या टाकल्या. काकाजी बसून राहिले, कारण गाडी पुरती थांबली नव्हती. ती पुरती थांबली पुढच्या गावाला. तिथून ते चालत आले तोवर अक्षता पडून गेल्या होत्या आणि पहिली पंगत उठत होती. आम्हाला वाटलं, चिडले असतील. ते शांतपणे दुसऱ्या पंगतीला बसले आणि वडा येईपर्यंत थांबले.

बोलतानाही तेच. तुमचं वाक्य संपलं तरी ते लगेच उत्तर देत नाहीत. माणूस नुसता श्वास घ्यायला थांबला असेल तर? आणखी काही यायचं राहिलं असेल तर? म्हणून ते थांबतात. फोनवर तर लोक हॅलो हॅलो करून ठेवून देतात. माझ्यासारख्या, दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडून आपणच पुरं करणाऱ्या बाईला ह्या माणसासमोर बसवणं म्हणजे देवानं काढलेलं जुनं उट्टं आहे.

पण त्यांची सगळ्यात गमतीची सवय संध्याकाळची. आमच्या साईटच्या अगदी तळाशी, सगळ्या बातम्या, हवामान, राशिभविष्य संपलं की बारीक अक्षरात एक ओळ येते. आजचे संपादन, आणि पुढं नाव. सकाळी जो पहिला पासवर्ड टाकून आत जाईल त्याचं नाव दिवसभर तिथं राहतं. रोज दिवे लागायच्या सुमारास काकाजी खिशातून आपला जुना फोन काढत, साईट उघडत, हात मांडीवर ठेवून ती पुरती येऊ देत, मग बोटानं सरकवत सरकवत पार तळाला जात. तिथं स्वतःचं नाव बघत. मान हलवत. फोन खिशात.

आम्ही चिडवायचो. काय काकाजी, आहे का नाव, की उडालं? ते म्हणायचे, हाये. बस, एवढंच.

ह्या नावापायी त्यांनी कधी रजा घेतली नाही. ताप आला तरी कानाला मफलर गुंडाळून येणार. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हा माणूस आधी ऑफिसात आला, पासवर्ड टाकला, मग खाली ऑटो उभा होता त्यात बसून दवाखान्यात गेला. संध्याकाळी एका डोळ्यावर पट्टी बांधलेले मला फोनवर विचारतात, तळाशी नाव आलंय का तेवढं पाहून सांग वं. मी आलंय म्हटलं आणि फोन ठेवून कपाळावर हात मारला. नावाची हौस असावी माणसाला, पण इतकी? आमदारांना नसते एवढी.

ह्या वर्षी पावसाळा सरता सरता विजूभाऊ नागपूरला जाऊन आले आणि तिथून साईटचं नवीन डिझाईन घेऊन आले. आम्हाला उभं करून समजावून सांगितलं. आता पान म्हणून संपणारच नाही. वाचणारा खाली खाली जात राहील आणि नवीन बातमी आपोआप येत राहील. आजच्या संपल्या की कालच्या, कालच्या संपल्या की परवाच्या. वाचणाऱ्याला तळ लागूच द्यायचा नाही. मध्ये मध्ये जाहिराती. मी तर खूश होते, कारण नव्या डिझाईनमध्ये आमचं बातमी टाकायचं पान झटकन उघडत होतं आणि बिबट्याचा अध्यक्ष व्हायची भीती उरली नव्हती.

काकाजी खुर्चीतून उठून उभे राहिले. समोर पान उघडत होतं, तरी उठले. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"विजूभाऊ, पदरच नाही तं ते लुगडं कसं? ते तं थान झालं, नुसता तागा. थान कोणी नेसते का?"

"काकाजी, आपण लुगडी नाही विकून राहिलो."

मग काकाजींनी विचारलं, तळच नसेल तर तळाची ती ओळ कुठं जाणार. विजूभाऊ म्हणाले, कुठं नाही, ती राहिली खाली. बातम्यांच्या खाली. बातम्या संपल्या की दिसेल. आणि बातम्या तर आता संपणार नव्हत्या. काकाजींनी तोंड कसंनुसं केलं आणि विचारलं, मग ते नाव वर घेता येईल का, साईटच्या नावाखाली, बारीक अक्षरात का होईना. विजूभाऊ म्हणाले, वरची जागा जाहिरातीची आहे काकाजी, तिथं माझ्या बापाचंही नाव नाही. आम्ही हसलो. काकाजी बसले.

पण गप्प बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी बघते तर प्रत्येक बातमीच्या शेवटी एक ओळ. धानाच्या बातमीखाली संपादन सोनकुसरे. हवामानाखाली, ढगाळ वातावरण, संपादन सोनकुसरे. राशिभविष्याखालीसुद्धा. एका वाचकानं फोन करून विचारलं की मीन राशीच्या खाली हे सोनकुसरे म्हणून कोण आहेत, त्यांची काही शांत करावी लागते का. विजूभाऊंनी दुपारपर्यंत सगळ्या ओळी काढायला लावल्या. काढल्या मीच. काकाजी शेजारी बसून बघत होते.

त्यानंतर माणूस उतरलाच. डबा तसाच परत नेऊ लागला. संध्याकाळी सवयीनं फोन काढायचे, सरकवत सरकवत खाली जायचे. गणपती यायचे, पोळा यायचा, पार उन्हाळ्यातल्या टँकरच्या बातम्यांपर्यंत पोचायचे. नाव काही यायचं नाही. मग फोन तसाच हातात धरून बसायचे. मला आता चिडवावंसं वाटेना. एवढं काय आहे त्या नावात, असं एकदा सरळ विचारलं, तर पान उघडायला घेतलं त्यांनी.

दसरा होऊन गेला होता. दुपारची वेळ. जिना चढून एक म्हातारी वर आली. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, चढून चढून दम लागलेला. दारातच मला विचारलं, "इथं परभाकर सोनकुसरे होता, तो हाये का?"

होता, असं म्हणाली ती. मी बोटानं दाखवलं. काकाजी आमच्याकडं पाठ करून बसले होते. समोर बाजूच्यांच्या साईटचं पान उघडत होतं, गोल चकरी फिरत होती, हात मांडीवर. ती त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर तिनं मला हातानंच थांब म्हणून खुणावलं. पिशवी खाली ठेवली. पदर सावरला, हातात हात धरला आणि त्यांच्या खांद्यावरून ती चकरी बघत उभी राहिली. मला काही कळेना. दोघं एकामागं एक, एकाच पानाची वाट बघताहेत. पान आलं. जाहिरात आली, बसली.

"जिता हायेस तं नाव काहून काढलंस रे?"

काकाजींनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांचे कान तेवढे लाल झालेले मला दिसले. पान पुरतं आलं होतं, तरी त्यांनी माऊसला हात लावला नाही.

"मी नाही काढलं, बाई," ते म्हणाले. "पान संपतच नाही आता."

"माग काढला तेव्हाई इचारलं नाहीस. वाटलं, आता नाव काढलंस तं काहून इचारशील." तिचा आवाज चढला आणि मध्येच खाली आला. "तलावाच्या पाळीवर उभी राहून राहून पाय गेले माह्ये. खाली जाऊन राहिली, जाऊन राहिली, बातम्याच बातम्या. मले वाटलं..."

ती थांबली. मी असते तर लगेच म्हटलं असतं, अहो मावशी, तसं काही नाही, बसा, पाणी घ्या. काकाजी आता वळले होते. तिच्याकडं बघत होते आणि काहीही बोलत नव्हते. त्यांची ती नेहमीची, जीव खाणारी खोड. वाक्य पुरं झालेलं नव्हतं. ते थांबले.

"मले वाटलं तू गेलास," म्हातारी म्हणाली. "अन् मले कोणी सांगतलंबी नाही."

काकाजी उठले आणि तिला आपल्या खुर्चीत बसवलं. दोघंही रडत होते, पण आवाज कोणाचा नव्हता. मलाही रडू आलं. ऑफिसात रडलेलं मला आवडत नाही, म्हणून मी उगाच पंख्याला शिव्या घातल्या. विजूभाऊ केव्हा दारात येऊन उभे राहिले होते कळलं नाही. ते तसेच खाली गेले आणि चहा पाठवून दिला.

चहा पिऊन झाल्यावर म्हातारीनं कॉम्प्युटरकडं हनुवटी केली. दाव म्हणाली काय ते. काकाजींनी साईट उघडून खाली खाली सरकवून दाखवली. ती बघत राहिली, बघत राहिली, आणि वैतागून म्हणाली, "याले पदर कुठी हाये?"

काकाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी विजूभाऊंच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं.

तिला एसटीत बसवून आल्यावर काकाजी पहिल्यांदा न विचारता बोलले. कौसल्या त्यांची मोठी बहीण. वडील मागावर बसत तेव्हा सुताच्या कांड्या ती भरून द्यायची, अख्खं लहानपण तिचं त्यात गेलं. मग तिचं लग्न होऊन ती लाखांदूरकडं गेली. वडील गेले, मागावर पोट भरेना, तेव्हा काकाजींनी तिला न कळवता माग उपटून विकला आणि भंडाऱ्याला छापखान्यात प्रुफं तपासायला लागले. ती भाऊबीजेला ओवाळणीचं ताट घेऊन आली, तर घरात मागाच्या जागी, वडील पाय सोडून बसायचे तो नुसता खड्डा. तिनं ताट तसंच झाकलं आणि आल्या पावली परत गेली. तेव्हापासून अबोला. कार्याप्रसंगात दिसायचे तेवढंच, ती एका टोकाला, हे दुसऱ्या.

दोनेक वर्षांपूर्वी लाखांदूरच्या आमच्या बातमीदारानं काकाजींना सहज सांगितलं, तुमची बहीण रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवर दिसते. घरात रेंज नाही, पाळीवर येते. फोनवर आपली साईट उघडते, पार खालपर्यंत जाते, तुमचं नाव आलं की फोन बंद करून घरी जाते. बातमी एक वाचत नाही. तेव्हापासून ती दिसली की तो तेवढं कळवतो.

मी म्हटलं, अहो, मग ते नाव गेलं तेव्हा तिला निरोप तरी द्यायचा. बातमीदार होता ना.

ते नेहमीसारखे थांबले. मग म्हणाले, "कसा देऊ? तिले समजलं का मले मालूम हाये, तं ती पाहाचंच सोडून देईन. मंग मले कसं समजंल का ती बरी हाये?"

त्याच संध्याकाळी मी विजूभाऊंना न विचारता नागपूरच्या त्या डिझाईनवाल्याला फोन केला. म्हटलं, थोड्या बातम्या झाल्या की थांबव बाबा. खाली आणखी बातम्या म्हणून एक बटण दे, ज्याला पाहिजे तो दाबेल. आणि त्याच्या खाली तळाची ओळ. तो म्हणाला, ताई, अशानं लोक साईटवर कमी वेळ थांबतील. मी म्हटलं, थांबणारे थांबतात, तू काळजी नको करू. विजूभाऊंनी सकाळी पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि दुकान उघडायला खाली गेले. जाहिरात कमी झाल्याचं मात्र अजून महिन्यातून एकदा ऐकवतात.

काकाजी आहेत तसेच आहेत. परवा बाजूच्यांनी अपघाताची बातमी आमच्या आधी टाकली, विजूभाऊ जिन्यातून ओरडत आले, आणि काकाजी हात मांडीवर ठेवून बसले होते. मी अजूनही त्यांच्यावर चिडते. बहीण फोन करते का म्हणून विचारलं तर म्हणाले, नाही, तिला फोनवर बोलायला जमत नाही, ती आपली पाळीवर येते.

भाऊबीजेला मात्र त्यांनी रजा मागितली. विजूभाऊंनी आधी घड्याळाकडं पाहिलं, मग कॅलेंडरकडं, मग काकाजींना तब्येत बरी आहे का विचारलं. पहाटेच्या एसटीनं काकाजी लाखांदूरकडं गेले. त्या दिवशी पासवर्ड मी टाकला. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा मी माझ्या फोनवर साईट उघडली आणि कोण जाणे कशी, हात मांडीवर ठेवून बसले. मध्ये एकदा बोट लागलंच माझं, मग परत पहिल्यापासून. बातम्या आल्या, हवामान आलं, राशी आल्या. शेवटी तळाशी बारीक अक्षरात माझं नाव आलं. त्या संध्याकाळी ते बघायला पाळीवर कोणीच उभं नव्हतं.